मेलेल्या लाकडावरची बुरशी ओळखायचीय? आधी ती उलटून बघा

आधी एक कबुली देऊन टाकतो. पहिलं अख्खं वर्ष मी ओंडक्यावर दिसेल त्या प्रत्येक पातळ, रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या बुरशीला बिनधास्त ‘टर्की टेल’ म्हणत होतो, फोटो काढायचो, त्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचो आणि खूश व्हायचो. मग एकदा एका जाणकार बाईंबरोबर फिरायला गेलो. त्यांनी माझी लाडकी टर्की टेल बघितली, काही न बोलता नखाने तिची कड वर उचलली आणि भिंग माझ्या हातात दिलं. खाली एकही छिद्र नव्हतं, सगळं सपाट, गुळगुळीत, फिकट पिवळट चामड्यासारखं. म्हणजे ती टर्की टेल नव्हतीच, ते स्टेरियम होतं. घरी येऊन फोल्डर उघडला तर चाळीसेक फोटो आणि झाडून सगळे वरून काढलेले. त्यातला एकही दुरुस्त करता येईना, कारण खालची बाजू कुठेच नव्हती.

म्हणून नवीन कोणी विचारलं की मी नावांची यादी देतच नाही, कशी बघायची ते सांगतो. नाव सगळ्यात शेवटी, आणि कधीकधी नाहीच.

आपण नक्की काय बघतोय

लाकडावर बाहेर आलेलं दिसतं ते बुरशीचं फळ म्हणा. खरी बुरशी आत असते, केसापेक्षाही बारीक धाग्यांचं जाळं, त्याला मायसेलियम म्हणतात, आणि ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं लाकूड आतून खात बसलेलं असतं. ओलावा आणि हवा जमून आली की ते बाहेर फळ काढतं, त्यातून बीजाणू सोडतं. त्यामुळे एखादं फळ तोडून बघितलं म्हणून आतली बुरशी मरत नाही, पण म्हणून अख्खा ओंडका साफ करायचाही नसतो, एक-दोन नमुने पुरेसे असतात. आणि काही जंगलांत, राखीव भागांत काहीच तोडायची परवानगी नसते, ते आधी बघून घ्या.

जगात आजवर दीड लाखाच्या आसपास बुरश्यांना नाव मिळालंय आणि २०१७ साली छापलेला एक गाजलेला अंदाज सांगतो की खऱ्या जाती २२ लाख ते ३८ लाख असाव्यात. सांगायचा मुद्दा हा की तुम्हाला नाव सापडलं नाही तर लाज वाटून घेऊ नका, बऱ्याचदा ते कोणाकडेच नसतं.

बरोबर काय घ्यायचं

१० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. हे एक घ्याच, बाकी नसलं तरी चालेल. मग छोटा चाकू, एक छोटी पट्टी, कागदी पाकिटं (प्लास्टिकच्या पिशवीत बुरशीला घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत लगदा होतो), आणि पाण्याची छोटी स्प्रे बाटली. बाटली कशाला ते पुढे येईल.

पहिल्यांदा लाकूड बघा

सगळे डायरेक्ट बुरशीकडे धावतात. थांबा, आधी ती कशावर उगवलीय ते बघा, कारण बऱ्याच जाती खाण्याच्या बाबतीत नखरेल असतात. रुंद पानांचं झाड होतं की सूचिपर्णी, म्हणजे पाइन, देवदार वगैरे जातीतलं? उभं वाळलेलं खोड आहे, आडवा पडलेला ओंडका आहे, जमिनीतला खुंट आहे की बोटाएवढी फांदी? साल शाबूत आहे की गळून गेलीय? झाड कुठलं ते कळत असेल तर उत्तमच, नसेल कळत तर सालीचा एक फोटो आणि खाली पडलेल्या पानाचा एक फोटो घेऊन ठेवा, नंतर कोणीतरी सांगतंच.

एक गंमत म्हणजे जमिनीतून उगवल्यासारखी दिसणारी बुरशी कधीकधी लाकडावरचीच असते. खाली पुरलेलं मूळ किंवा फांदीचा तुकडा असतो. शंका आली तर बोटाने माती थोडी उकरून बघायची.

मग कुजण्याची तऱ्हा बघा, ही मला स्वतःला सगळ्यात आवडणारी पायरी आहे. लाकडाचा सडलेला भाग हातात घ्या. तो पांढरट, मऊ, ओला स्पंज पिळावा तसा असेल आणि रेषारेषांनी सुटत असेल तर तिथे व्हाइट रॉटवाली बुरशी आहे. ही मंडळी लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन मोडतात, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. लाकूड तपकिरी, कोरडं, आडव्याउभ्या भेगा पडून चौकोनी ढलप्यांत फुटत असेल आणि बोटांत चुरडल्यावर पूड होत असेल तर ब्राऊन रॉट, ती सेल्युलोज खाऊन जाते आणि लिग्निन तसंच तपकिरी मागे ठेवते. ब्राऊन रॉटवाल्या जाती संख्येने कमी आणि बऱ्याचशा सूचिपर्णी लाकडावर असतात, त्यामुळे तेवढ्यावरूनच अर्धी यादी गळते. टर्की टेल, स्टेरियम, गॅनोडर्मा, धिंगरी म्हणजे ऑयस्टर, हे सगळे व्हाइट रॉटवाले. गंधकासारखा पिवळाधमक लेटिपोरस मात्र रुंद पानांच्या झाडावर असूनही ब्राऊन रॉट करतो, म्हणजे अपवाद आहेतच.

लाकडावर निळसर हिरवा डाग दिसला, अगदी कोणी शाई ओतल्यासारखा, तर तो रंग नाही, क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी आत राहून गेलीय. तिची बारकी निळी-हिरवी वाटीसारखी फळं क्वचित दिसतात, पण रंगलेलं लाकूड बऱ्याच ठिकाणी सापडतं. इटलीत रेनेसाँसच्या काळातले कारागीर लाकडी जडावकामात हिरवा रंग हवा असेल तिथे असलं लाकूड वापरायचे.

आता उलटा

इथे निवांत वेळ घालवा. ओंडक्यावर ब्रॅकेट असेल, म्हणजे भिंतीतून फळी बाहेर यावी तशी आडवी आलेली बुरशी, तर तिच्या खाली भिंग धरा. मान वाकडी होते, गुडघे मातीत जातात, इलाज नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा खाली सरकवला तरी काम भागतं.

खाली छिद्रं दिसली, सुईने टोचून काढल्यासारखी, तर ती पॉलिपोर. छिद्रं किती बारीक ते पट्टी लावून मोजा, एका मिलिमीटरमध्ये किती बसतात. टर्की टेलमध्ये, म्हणजे ट्रॅमेटेस व्हर्सिकलरमध्ये, साधारण ३ ते ५ बसतात, नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळतात. वरून मखमली लव, एकाआड एक वेगळ्या रंगाचे पट्टे, पातळ इतकी की वाकवली तर वाकते, आणि खालून पांढरी छिद्रांची. एवढं सगळं जुळलं तरच टर्की टेल म्हणायचं. छिद्रं नाहीत, गुळगुळीत आहे, तर स्टेरियम, मी वर रडलो ते. छिद्रं फाटून दातेरी झालीत आणि कडेला जांभळट झाक आहे, तर ट्रायकॅप्टम असण्याची शक्यता जास्त, ही झाक ताज्या कडेला छान दिसते आणि जुनी झाली की उडून जाते.

छिद्रं मोठी, षटकोनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असतील तर हेक्सागोनिया, उष्ण प्रदेशात वाळक्या फांद्यांवर खूप दिसतं. लांबट, वळणावळणाची, भूलभुलैयासारखी असतील तर डेडॅलिया किंवा त्याची भावकी. आणि वरून टर्की टेलसारखी लवदार, पट्टेदार पण खाली चक्क कल्ले असतील, कल्ले म्हणजे छत्रीसारख्या मशरूमच्या टोपीखाली असतात त्या पातळ पातळ पापुद्र्यांच्या रांगा, तर ते लेन्झाइटिस. म्हणजे वरून तीन-चार जणी सारख्याच दिसतात आणि खालून प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. वरचा रंग ऊन, पाऊस, वय, शेवाळं सगळ्याने बदलतो, खालची बाजू त्या मानाने इमानदार असते.

एक बुरशी मात्र रंगानेच ओळखू येते, पिक्नोपोरस. वर खाली दोन्हीकडे भडक शेंदरी-लाल. उन्हात पडलेल्या, साल गेलेल्या लाकडावर ती लांबूनच डोळ्यात भरते. तीही जुनी झाली की वरून फिकी पडते, तेव्हा पुन्हा उलटायची, खाली लाल शिल्लक असतो.

आणि गॅनोडर्मा. यात दोन तऱ्हा पटकन कळतात. एक वरून वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत, तांबडी-तपकिरी, वाढती कड पांढरी-पिवळी, बऱ्याचदा बाजूला देठ. दुसरी मॅट, तपकिरी-राखाडी, खडबडीत, दगडासारखी कडक, वर्षानुवर्षं एकाच जागी वाढत जाणारी, तिला आर्टिस्ट्स कॉन्क म्हणतात. ती जिवंत असताना खालचा भाग पांढराशुभ्र असतो आणि त्यावर काडीने रेघ ओढली की लगेच तपकिरी उमटते आणि वाळल्यावरही तशीच राहते, लोक त्यावर चित्रं काढतात, नाव त्यावरूनच. तिच्या वरच्या बाजूला, आजूबाजूच्या पानांवर कोको पावडरसारखी तपकिरी धूळ साचलेली दिसेल. ती धूळ म्हणजे बीजाणू. खालून सुटतात आणि हवेच्या झुळकीने वर येऊन बसतात. मी पहिल्यांदा ती फुंकरीने उडवून टाकली होती, माती समजून.

ब्रॅकेटची अजून एक खूण बघायला विसरू नका. छिद्रांची बाजू नेहमी जमिनीकडे असते, कारण बीजाणू सरळ खाली पडायला हवेत. झाड उभं असताना उगवलेलं ब्रॅकेट झाड पडल्यावर आडवं-तिडवं होतं, मग त्याच्यावरच नवीन वाढ काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे तोंड करून येते. म्हणजे एका ओंडक्यावर एक ब्रॅकेट उभं आणि दुसरं आडवं दिसलं तर त्यातलं कुठलं झाड पडण्याआधीचं ते तुम्हाला सांगता येतं.

लाकडाला चुना फासल्यासारखी नुसती चिकटलेली पांढरी, पिवळी, राखाडी पुटं असतात, त्यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो.

हात लावा, वाकवा, भिजवा

हात लावल्याने सहसा विषबाधा होत नाही, पोटात गेलं तर होऊ शकते. तेव्हा बिनधास्त चाचपा आणि नंतर हात धुवा.

कानाच्या पाळीसारखी लवलवती, तपकिरी, जराशी पारदर्शक, उजेडात धरली तर नसा दिसाव्यात अशी असेल तर ऑरिक्युलारिया, लाकडी कान म्हणा. ऊन पडलं की ती वाळून काळी, कडक, सुरकुतलेली चिंधी होते, आणि पाणी मिळालं की तासाभरात पुन्हा कान. स्प्रे बाटली यासाठी. पिवळी, मेंदूसारख्या घड्यांची जेली दिसली तर ट्रेमेला, ती तर लाकूड खातच नाही, लाकडातल्या दुसऱ्या बुरशीला खाते. पडलेल्या लाकडाच्या भेगांतून बारीक नारिंगी चमचे रांगेने बाहेर आलेले दिसले तर डॅक्रिओपिनॅक्स, कुंपणाच्या जुन्या फळ्यांवरही येतं.

आता माझी सगळ्यात लाडकी, शायझोफायलम कम्यून, स्प्लिट गिल. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे, त्यामुळे तुम्ही कुठेही असाल तरी ही तुम्हाला भेटणार, बहुतेक सगळ्यात आधी हीच भेटणार. उन्हातल्या वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढरे-राखाडी केसाळ पंखे, वरून इतके सामान्य की लक्षही जाणार नाही. उलटा आणि भिंग लावा. कल्ले दिसतील, पण प्रत्येक कल्ला मधोमध लांबीने चिरलेला, आणि चिरलेल्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. खरं नाटक घरी. फांदीचा वाळका तुकडा आणा, ओल्या कपड्यावर ठेवा आणि भिंगातून बघत बसा. मुठीसारखी आवळलेली बुरशी हळूहळू पसरते, कल्ल्यांच्या वळलेल्या कडा सरळ होत जातात, चिरा मिटत येतात, रंग पांढऱ्यावरून जरा गुलाबी-राखाडी होतो. कोरड्या हवेत कडा वळून बीजाणू तयार होणारा भाग झाकून घ्यायचा आणि पाऊस आला की उघडायचं, असा तो हिशोब आहे. पुन्हा वाळवा, पुन्हा भिजवा, पुन्हा तेच. आणि या एकाच जातीत जोडी जुळवण्याचे, म्हणजे आपण नर-मादी म्हणतो तसे, २० हजारांहून जास्त प्रकार आहेत.

काळ्या, विचित्र आणि छोट्या गोष्टी

कुजक्या खुंटाच्या बुडाशी काळी, जाडजूड, वाकडी बोटं मातीतून वर आलेली दिसली की लोक दचकतात, नावही तसंच आहे, डेड मॅन्स फिंगर्स. झायलेरिया. चाकूने उभं कापलं की आत पांढरंशुभ्र आणि चिवट, आणि काळ्या सालीलगत बारीक बारीक पोकळ्यांची ओळ, त्या पोकळ्यांत बीजाणू असतात. त्याचीच बारीक, शिंगासारखी बहीण टोकाला पांढरी पूड लावून उभी असते, विझलेल्या मेणबत्तीच्या वातीसारखी.

काळा-तपकिरी, गुळगुळीत, लिंबाएवढा किंवा लहान गोळा लाकडाला चिकटलेला असेल तर तोही मधोमध कापा. आत चंदेरी-राखाडी आणि काळी वर्तुळं एकात एक, झाडाच्या खोडासारखी, मग ते डाल्डिनिया, दुसरं काही असूच शकत नाही. वाळलेला गोळा ठिणगी पकडतो आणि निखाऱ्यासारखा धुमसत राहतो, पूर्वी आग सांभाळून न्यायला वापरायचे. आगीचा विषय निघालाच तर १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात सापडलेला, पाच हजार वर्षांहून जुना माणूस, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्या सामानात दोन तऱ्हेच्या लाकडावरच्या बुरश्या होत्या, त्यातली एक फोमेस, ती आग पेटवायचीच.

बारीक काड्यांवर, फांद्यांवर नखाएवढी घरटी आणि त्यात चपटी अंडी दिसली तर ते पक्ष्याचं नाही, सायॅथस, म्हणजे बर्ड्स नेस्ट. पावसाचा थेंब वाटीत पडला की ती अंडी उडून लांब जाऊन चिकटतात आणि त्या अंड्यांत बीजाणू. यांना शोधायला डोळे बसावे लागतात, एकदा बसले की सगळीकडे दिसतात.

उष्ण प्रदेशात जमिनीवरच्या काटक्यांतून पिवळ्या देठावर पातळ, पट्टेदार तपकिरी नरसाळं उभं असतं, ते मायक्रोपोरस झँथोपस. देठ पिवळा, खाली छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय गुळगुळीतच वाटावं. पुन्हा भिंग.

ही बुरशीच नव्हे

कुजक्या ओंडक्यावर एका रात्रीत पिवळाधमक फेस आलेला दिसला, कोणीतरी ओकून गेल्यासारखा, तर ते फ्युलिगो सेप्टिका, स्लाइम मोल्ड. बुरशीच्या राज्यात ते येत नाही, अमिबाच्या नात्यातलं आहे आणि चक्क सरकतं. दोन दिवसांनी गेलात तर त्या जागी पापुद्रा आणि काळी पूड. वाटाण्याएवढे गुलाबी गोळे, फोडले तर गुलाबी पेस्ट बाहेर, ते लायकोगाला, तेही स्लाइम मोल्ड. सालीवरचे राखाडी-हिरवे चट्टे, झालरी, ते बहुतेक लायकेन म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार, आणि ते लाकूड खात नाहीत, फक्त बसायला जागा वापरतात.

छत्रीवाल्या: इथे मस्करी नाही

लाकडावर मऊ, देठ-टोपी-कल्ले असलेल्या छत्र्याही येतात, आणि ब्रॅकेटवरून हात साफ झालेले लोक इथे आपटतात. सरळ सांगतो, हा लेख वाचून काहीही खायचं नाही. ‘लाकडावरची विषारी नसते’ हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. साफ खोटं आहे. गॅलेरिना मार्जिनाटा नावाची छोटी तपकिरी, एकदम निरुपद्रवी दिसणारी छत्री कुजक्या लाकडावरच येते आणि तिच्यात अमाटॉक्सिन नावाचं विष असतं, तेच जे डेथ कॅप या जीवघेण्या छत्रीत असतं. शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर बहुतेक वेळा ६ ते २४ तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि आत यकृत खराब होत राहतं. ऑयस्टरच्या बाबतीतही असंच. जपानमध्ये ओम्फॅलोटस जापोनिकस ही अंधारात चमकणारी विषारी बुरशी ऑयस्टर किंवा शिताके समजून खाऊन लोक वारंवार आजारी पडतात, आणि तिथेच २००४ साली एंजल विंग्ज नावाची पांढरी, पंख्यासारखी, पिढ्यान्पिढ्या खाल्ली जाणारी लाकडावरची बुरशी खाऊन डझनाहून जास्त माणसं गेली, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून किडनीचा त्रास होता.

कोणी खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना, आणि उरलेली बुरशी बरोबर न्यायची.

ओळखायला मात्र यांच्यासारखी मजा नाही, कारण इथे बीजाणूंचा ठसा घेता येतो. ताजी, उघडलेली टोपी घ्या, देठ टोपीलगत कापा, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद ठेवा, त्यावर टोपी कल्ले खाली करून अशी ठेवा की दोन्ही रंगांवर येईल, वरून एक थेंब पाणी, त्यावर वाटी पालथी. रात्रभर हात लावू नका. सकाळी वाटी उचलली की कागदावर कल्ल्यांची रेषान् रेष छापलेली असते. पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत म्हणून काळा अर्धा, मी पहिल्या वेळी नुसता पांढरा घेतला आणि ‘ठसा आलाच नाही’ म्हणून फेकून दिला.

ऑयस्टरचा ठसा पांढरा ते फिकट जांभळट-राखाडी. खुंटाभोवती झुंडीने येणाऱ्या आर्मिलारियाचा पांढरट. गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. जिम्नोपिलसचा भडक गंजासारखा नारिंगी. हिरवट-पिवळ्या कल्ल्यांच्या, झुबक्याने येणाऱ्या आणि विषारी असलेल्या हिफोलोमाचा जांभळट तपकिरी. प्लुटियसचा गुलाबी, आणि त्याचे कल्ले देठाला टेकतच नाहीत, कापून बाजूने बघितलं की मधली फट दिसते. झुबका असेल तर घरी न्यायचीही गरज नाही, वरच्या टोपीचे बीजाणू खालच्या टोपीवर पडलेले असतात, तिथेच रंग दिसतो. गॅलेरिनाच्या देठावर पातळशी कडी असते पण ती गळून पडू शकते, त्यामुळे कडी नाही म्हणजे गॅलेरिना नाही असा उलटा हिशोब करायचा नाही.

आर्मिलारियाचं नाव घेतलंच आहे तर सुटलेली साल उचलून बघा, आत काळ्या बुटाच्या नाड्यांसारखे चपटे दोर पसरलेले दिसले तर ती इथे आहे, फळ असो नसो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये याच वंशातल्या एका बुरशीचं एकच जाळं ९ चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे. आर्मिलारियाचं धाग्यांनी भरलेलं ताजं ओलं लाकूड पूर्ण अंधारात फिकट हिरवं चमकतं, पण डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटं अंधारात गप बसावं लागतं, मोबाइल खिशात.

फोटो आणि नाव

प्रत्येक नमुन्याचे निदान पाच फोटो: लांबून लाकडासकट, वरून, खालून, बाजूने म्हणजे लाकडाला चिकटते तिथे, आणि उभी कापून आतून. बाजूला पट्टी किंवा नाणं. वहीत तारीख, लाकूड कुठलं, कुजणं कसलं, वास, ठशाचा रंग. हे सगळं घेऊन आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर टाकलंत तर माणसं मदत करतात, नुसता वरचा फोटो टाकलात तर अ‍ॅप एक नाव फेकतं आणि ते आत्मविश्वासाने फेकतं, हीच पंचाईत आहे.

नाव कुठे थांबवायचं? माझं मत, वंशापर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत पोचलात की बास. चकचकीत गॅनोडर्मा दिसलं की सगळे गॅनोडर्मा लुसिडम लिहून मोकळे होतात, पण डीएनए तपासल्यावर जगभर ज्यांना ते नाव लावलं होतं त्यातल्या कितीतरी वेगळ्याच जाती निघाल्या. लाकडी कानांचंही तेच झालं. त्यामुळे वहीत ‘गॅनोडर्मा, चकचकीत’ एवढं लिहिलेलं हे चुकीच्या पूर्ण नावापेक्षा नंतर जास्त कामाला येतं. किडे पडलेल्या, शेवाळलेल्या, रंग उडालेल्या जुन्या नमुन्यांवर तर वेळच घालवू नका, शेजारी एखादं ताजं पिल्लू शोधा.

शेवटचं काम, एकच ओंडका पकडा. जाण्यायेण्याच्या वाटेवरचा, सालासकट, नुकता पडलेला असेल तर फारच छान. दर महिन्याला त्याचं दोन्ही बाजूंनी दर्शन घ्या. माझा ओंडका पडला तेव्हा पहिल्या हंगामात फक्त शायझोफायलम होतं, उन्हाच्या बाजूला. पुढच्या वर्षी स्टेरियमच्या रांगा आल्या, मग ट्रॅमेटेस, यावेळी खरोखरची, छिद्रं मोजून. आता साल सगळी गळालीय, बूट टेकवला तर रुततो, आणि परवा बुडाशी झायलेरियाचं पहिलं बोट वर आलेलं दिसलं, अजून टोक पांढरं आहे त्याचं.